लाव्हाच्या काठाकाठाने

आइसलँडची राजधानी रेक्याविकपासून सुमारे ४० किलोमीटरवर फाग्रादाल्सफ्याल नावाचा डोंगर आहे. १९ मार्च २०२१ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या निर्जन दरीत जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. त्याआधी जवळजवळ ८०० वर्षे हे द्वीपकल्प शांत होते. मग काय, डोंगर चढून हजारो लोक तो पाहायला लोटले!

उद्रेक सहा महिने चालला. आज तिथे काळ्या, सुरकुतलेल्या खडकाचा समुद्र पसरला आहे. जात सह्याद्रीच्या कातळाचीच, बेसाल्टची. पण आपला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा कालपरवाचा. दुधावर साय धरावी तसे वर कवच धरते, आत मात्र धग वर्षानुवर्षे टिकते. ताज्या लाव्हावर चढून फोटो काढणारे हौशी पर्यटक स्वयंसेवी बचाव पथकांची डोकेदुखीच ठरले. कवच खचले तर ओढून काढायला जवळ जाणार कोण?

तेव्हा आखलेली पायवाट सोडू नये. वारा पाठीवर घ्यावा. उद्रेक चालू असताना वारा पडला, तर खोलगट जागी क्षणभरही बसू नये. विषारी वायू तिथेच साचतात. जाड तळाचे बूट हवेत, कारण थंड लाव्हाच्या कडाही काचेसारख्या कापतात. ५ एप्रिल २०२१ रोजी पहिल्या मुखापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर अचानक नवी भेग पडली आणि सगळ्यांना तिथून हलवावे लागले. २०२२ आणि २०२३ मध्येही जवळच उद्रेक झाले. त्यामुळे निघण्यापूर्वी, त्याच सकाळी, वाट उघडी आहे ना याची चौकशी करावी.