भीमाचं पथ्य

आमच्या बुलडॉगचं नाव भीम. वय अवघं दहा महिने. पण उठताना एखाद्या म्हाताऱ्यासारखा कण्हू लागला. क्ष-किरणांचं चित्र उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "मास्तर, खुब्याची वाटी उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. या जातीत हे दुखणं पुष्कळ."

वाटा दोन. शस्त्रक्रिया करून तो गोळाच काढायचा. नाहीतर वजन उतरवायचं, बेतानं चालवायचं, औषध द्यायचं आणि वाट पाहायची. चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणं जोखमीचं, हेही त्यांनी लपवलं नाही.

वर्गात मी धडाधड उत्तरं सांगतो; त्या रात्री मात्र उत्तर सुचेना. इंग्लंडात हे कुत्रे बैलांवर सोडीत. १८३५ साली कायद्यानं तो खेळ बंद झाला. मग माणसानं निव्वळ हौसेखातर त्यांचा चेहरा आणखी चपटा केला, अंग आणखी बोजड केलं. त्या हौसेचं एक गिऱ्हाईक मीही!

"त्याला बोलता येत नाही," सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणून घाई नको, अन् चालढकलही नको."

ठरलं. तीन महिने कडक पथ्य. तरी कण्हणं थांबलं नाही, तर शस्त्रक्रिया. तोवर नव्या कादंबरीच्या मानधनाला हात लावायचा नाही.

परवा घरात चकल्या तळल्या. भीम लंगडत येऊन धाकटीपुढं बसला. तिनं हातातली चकली पाहिली, त्याच्याकडं पाहिलं, आणि ती मुकाट्यानं डब्यात ठेवली. मग तिनंही खाल्ली नाही.