बोटसुद्धा न लावता!

काल रात्री मी नुसत्या नजरेनं फोन चालवला! बोट लावलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘आय ट्रॅकिंग’ नावाची सोय आहे. २०२४च्या सप्टेंबरात आयओएस १८बरोबर ती आली, म्हणजे केव्हापासून माझ्या हातात होती! फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि हातभर अंतरावर बसले. पडद्यावर एक रंगीत ठिपका उमटला. तो वर गेला, कोपऱ्यात गेला, खाली आला. माझे डोळे त्याच्या मागोमाग. बस्स, तयारी एवढीच. मग फोटोंच्या चिन्हाकडे पाहिलं, तर त्याच्याभोवती चौकट उमटली. नजर तिथंच रोखून धरली आणि फोटो उघडले! अंगावर सर्रकन काटा आला. वेगळं यंत्र नाही, वायर नाही. सेल्फी काढणारा पुढचा कॅमेराच नजरेची दिशा टिपतो आणि सगळा हिशेब फोनमध्येच होतो.

मग झोप कसली येतेय! पहाटेपर्यंत वाचत सुटले. बोट हलवण्याआधी त्याच्या स्नायूंना विजेचे बारीक संदेश जातात. मनगटावर पट्टा बांधून ते संदेश टिपता येतात. ‘मेटा’नं २०२५मध्ये स्मार्ट चष्म्याच्या जोडीनं असा पट्टा अमेरिकेत विकायलाही काढला. अंगठा तर्जनीला टेकवला की झालं क्लिक! त्यांच्या संशोधकांनी त्याच वर्षी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिहिलं, की पेन धरल्यासारखी चिमूट करून नुसतं गिरवलं तरी मिनिटाला सुमारे २१ शब्द उमटतात.

पण मला खरं हलवून सोडलं ते २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानं. स्टॅनफर्डचे फ्रँक विलेट, कृष्णा शेनॉय, जेमी हेंडरसन आणि त्यांचे सहकारी. समोर पासष्टीतला एक माणूस. २००७मध्ये मज्जारज्जूला इजा झाली आणि मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं. मेंदूच्या ज्या भागातून हाताला हुकूम सुटतात, तिथं चार मिलिमीटर लांबी-रुंदीच्या दोन इलेक्ट्रोड-पट्ट्या बसवलेल्या. त्याला सांगितलं, की हातात पेन आहे, समोर रेघांचा कागद आहे असं समजा आणि लिहा. हात जेमतेम थरथरण्यापलीकडे हलला नाही. पडद्यावर मात्र अक्षरं उमटत गेली, मिनिटाला ९०! त्याच्या वयाची धडधाकट माणसं स्मार्टफोनवर साधारण ११५ टंकतात. विचार करा! इतकी वर्षं एक अक्षर न लिहिलेला हात, आणि त्याचं लिहिणं मेंदूत शाबूत!

याआधी अशी माणसं मनानं बाण सरकवत पडद्यावरची एकेक कळ गाठायची. तो वेग ४० अक्षरांच्या आसपास होता. लिहिण्यानं तो दुपटीहून वाढला, आणि याचं कारण तर भलतंच सुंदर आहे. कळीकडे जायच्या सगळ्या रेघा सरळ. मेंदूतले त्यांचे संदेश एकमेकांसारखे, ओळखायला अवघड. अक्षराला मात्र वळण असतं, प्रत्येकाची गती निराळी, म्हणून संगणक त्यांच्यात कमी चुकतो.

वळणं? मग आपली देवनागरी पाहा! ‘ळ’चे वेढे, ‘ज्ञ’ची गाठ, ‘इ’चा पीळ! पण तो प्रयोग इंग्रजी अक्षरांचा आहे. मराठी अक्षरं ओळखायला यंत्राला मराठी हातांचे नमुने लागतील. गुगलनं २०१७मध्ये बोलून मराठी टंकायची सोय दिली, तीही मराठी बोलणाऱ्यांचे आवाजाचे नमुने घेऊनच. नजरेच्या, स्नायूंच्या, मेंदूच्या या नव्या वाटांवर आपली लिपी पहिल्यापासून हवी. आपले अभियंते, आपले ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आपली विद्यापीठं यांनी त्यात आत्ताच उतरायला हवं!

आणि तुम्ही? अर्धांगवायूनं, अपघातानं किंवा स्नायूंच्या आजारानं हात साथ देत नाही असं कुणी तुमच्या घरात, शेजारात असेलच. मेंदूतले इलेक्ट्रोड अजून प्रयोगातच आहेत. पण नजरेची सोय आज आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत आहे, तीही फुकट. त्यांच्यासमोर फोन टेकवा, ठिपक्यामागे डोळे फिरवायला सांगा. पहिला फोटो त्यांचा त्यांना उघडू द्या!