कारण देताना

'आर्गुमेंतार', म्हणजे कारणं देऊन मत मांडणं, हे स्पॅनिश क्रियापद चालवायला सोपं: आर्गुमेंतो, आर्गुमेंतास, आर्गुमेंता. तक्ता पाठ झाला तरी मत मांडता येतंच असं नाही. खरा पेच पुढच्या वाक्यात आहे. 'क्रेओ के एस हुस्तो', हे न्याय्य आहे असं मला वाटतं. नकार आला की 'एस'चं 'सेआ' होतं: 'नो क्रेओ के सेआ हुस्तो'. कारणांचंही तसंच. 'पोर्के एस कारो', कारण ते महाग आहे. पण तेच कारण फेटाळायचं तर 'नो पोर्के सेआ कारो'. बोलणारा कशाची ग्वाही देतो हे रूपातच उमटतं, म्हणून हे क्रियापद अशा वाक्यांसकटच शिकावं. कुणी म्हणेल, चुकलं तरी अर्थ पोचतोच की. पोचतो, आणि सुरुवातीला तेवढं पुरेही. पण वादात समोरचा नेमकं हेच ऐकत असतो, की कोणतं कारण तुमचं नि कोणतं तुम्ही नाकारलंत. तिथे 'एस' आणि 'सेआ' यांची गल्लत मला चालवून घ्यावीशी वाटत नाही.