खाकी राक्षस

आमच्या गेममधला राक्षस हिरव्याचा लाल व्हायला लागला की बरोबर अर्ध्या सेकंदानं गदा हाणायचा. लाल दिसताच खेळणाऱ्यानं बाजूला उडी मारायची, एवढाच इशारा. युनिटी या गेम इंजिनात तो रंग बदलायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते एका ओळीत उरकलं होतं. दर फ्रेमला ‘कलर.लर्प’ला तीन गोष्टी द्यायच्या: आत्ताचा रंग, लाल रंग आणि ०.०५. म्हणजे लालपर्यंतचं जेवढं अंतर उरलंय त्याचा विसावा हिस्सा दर फ्रेमला कापायचा. माझ्या मशीनवर झकास चालायचं. गेम बाहेर पडला आणि तक्रारी सुरू झाल्या: राक्षस न सांगता मारतो.

मी आमच्या आर्टिस्टला म्हणालो, लाल जरा भडक कर. तिनं केला. तक्रारी थांबेनात, मग आणखी भडक. शेवटी ती म्हणाली, “सर, लाल इथंच संपतो. २५५, ०, ०. याच्यापुढं काही नाही.” तरी माझा संशय तिच्या रंगावरच. कोडची ओळ माझी होती ना, ती कशाला तपासायची!

मग टेस्टिंगवाल्या पोरानं स्वस्तातल्या फोनवर गदा पडते त्या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. राक्षस चक्क खाकी होता, हवालदारासारखा.

हिशेब मांडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा. अर्ध्या सेकंदात ७२ फ्रेम, म्हणजे रंग ९७ टक्के लाल. तो फोन सेकंदाला ३० फ्रेम कशाबशा काढणारा. त्याच वेळात १५ फ्रेम, रंग जेमतेम ५४ टक्के गेलेला. लाल १३७, हिरवा ११८, निळा शून्य. महागडा फोन असलेल्याला इशारा मिळत होता आणि बाकीच्यांना नुसती गदा.

आधी डेल्टाटाइमनं, म्हणजे मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळानं, गुणून पाहिलं. फरक कमी झाला, गेला नाही. उरलेल्याचाच हिस्सा कापत राहिलं की मुक्काम कधी येतच नाही. मग सुरुवातीचा रंग बाजूला जपून ठेवला आणि ०.०५ च्या जागी गेलेला वेळ भागिले अर्धा सेकंद, हा आकडा दिला. एकच्या पुढं गेला तर लर्प स्वतःच तो एकवर थांबवतं.

वाटेतला खाकी मात्र तसाच. तेव्हा मी अतिशहाणपणा केला: अख्ख्या प्रोजेक्टची कलर स्पेस गॅमावरून लिनिअर केली. जंगलाच्या लेव्हलचा उजेड पार बिघडला, आर्टिस्टचे कितीतरी दिवस तो परत बसवण्यात गेले आणि राक्षस खाकीचा खाकीच. लर्प सेटिंगला विचारतच नाही. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांची सरळ बेरीज-वजाबाकी करून मोकळं होतं. ० आणि २५५ च्या मध्ये ते १२८ च्या आसपास थांबतं. पडद्यावर खरोखर निम्मा उजेड हवा असेल तर आकडा १८८ च्या घरात लागतो. त्यासाठी दोन्ही रंग आधी लिनिअर करायचे, मिसळायचे आणि पुन्हा गॅमात आणायचे.

तेही शेवटी लागलं नाही. हिरवा आणि लाल यांच्यामध्ये चक्क पिवळा घातला, काम झालं. आर्टिस्टनं हे पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं. “टेक्निकल बाजू माझ्यावर सोड,” असं मी तिला म्हणालो होतो.

अपडेट गेला, पण मधल्या काळात घसरलेलं रेटिंग काही पुन्हा चढलं नाही. काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही, तेव्हा गदेच्या आधी गर्जनाही हवी, हे तिनंच सांगितलं. ती मी त्याच दुपारी घातली.