लाल ताजातला शिंद्यांचा कर्नल

पांढुर्णा दिल्लीच्या मेन लाइनवर असल्यामुळे आग्रा आम्हाला परकं नाही. घरटी कुणी ना कुणी ताजमहाल पाहून, पेठ्याचे डबे घेऊन आलेलं असतं. शिवाजी महाराज 1666 मध्ये इथून निसटले, हेही सगळ्यांना पाठ. पुढे आग्र्याचा किल्लाच मराठ्यांच्या ताब्यात होता, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्याची एक खूण भगवान टॉकीजजवळच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात आहे. तिथे जायचं म्हटल्यावर सौंसरचे माझे साडू कुरकुरले, “सुट्टी काढून आलो, अन् तुम्ही मसणवटा दाखवता का, भाऊ?”

आत गेल्यावर आधी मोबाइल त्यांनीच काढला. समोर लाल दगडाचा धाकटा ताजमहाल! उंच चौथरा, मधोमध कमान, वर घुमट, भोवती छत्र्या. ताजसारखे सुटे चार मिनार तेवढे नाहीत. कोपऱ्यांना भिंतीलाच लागून बारीक मनोरे आहेत. जवळ गेलं की दगडावरचं कोरीव काम दिसतं, फारसी अक्षरंही. आणि आत कबर आहे जॉन विल्यम हेसिंग या डच माणसाची. उट्रेख्टचा हा गडी आधी सिलोनला डच कंपनीचा शिपाई होता, मग महादजी शिंद्यांच्या फौजेत आला आणि शेवटी महादजींचे वारस दौलतराव यांच्या वतीने आग्र्याचा किल्ला सांभाळत 21 जुलै 1803 रोजी वारला. कबरीवरच्या इंग्रजी लेखात शिंद्यांचं नाव आहे. ते ऐकल्यावर साडू म्हणाले, “म्हणजे आपल्याच पगारावरचा माणूस!”

थडगं बांधवलं त्याच्या बायकोने. माणूस ख्रिस्ती असला तरी तिला चर्चचा नमुना सुचला नाही, की आग्र्याच्या कारागिरांच्या हाताला ताजचंच वळण होतं? मला ही दुसरी शक्यताच खरी वाटते. कारण याच कब्रस्तानात सरधन्याच्या बेगम समरूचा युरोपीय नवरा वॉल्टर राइनहार्टही 1778 पासून घुमटाखालीच पडून आहे.

हेसिंगनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरात, इंग्रजांच्या जनरल लेकने किल्ला घेतला. त्याच डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांनीही इंग्रजांशी देवगावचा तह केला. आमचा मुलूख तेव्हा त्यांचाच.

आग्र्याला जाल तेव्हा ताज बघाच, पण परतीच्या गाडीआधी तासभर या लाल ताजासाठी ठेवा. रिक्षावाल्याला नुसतं ‘लाल ताज’ सांगू नका, भगवान टॉकीजजवळचं ख्रिश्चन कब्रस्तान सांगा.