आसऱ्याचं गाव

लंडनमधलं एखादं पोलिश कुटुंब आजीचं मूळगाव नातवंडांना दाखवायचं म्हणून प्रवास आखायला बसतं, तेव्हा पहिली अडचण तिकिटाची नसते, गावाचीच असते. आजी जन्मली ल्वूफजवळच्या खेड्यात, म्हणजे तेव्हाच्या पोलंडात. तो मुलूख महायुद्धानंतर सोव्हिएत युनियनकडे गेला आणि आज युक्रेनमध्ये आहे. ल्वूफचं ल्विव्ह झालं. 2022च्या फेब्रुवारीपासून तिथे प्रवासी विमानं उतरत नाहीत. आजीचं शाळेचं वय गेलं कोल्हापूरच्या पूर्वेला, वळिवड्यात, आणि संसार झाला इंग्लंडात. अशा कित्येक आज्यांच्या घरी प्रवासाचा बेत होतो तेव्हा ल्विव्ह हे ‘खरं’ गाव ठरतं आणि कोल्हापूर सवड मिळाली तर करायचा मुक्काम. ही उतरंड मला मान्य नाही. ज्या गावानं उघड्यावर पडलेल्या माणसांना पुन्हा घर मांडू दिलं, ते गावही पूर्वजांचंच धरलं पाहिजे आणि बेताच्या पहिल्या ओळीत आलं पाहिजे.

असं म्हणायला इतिहासाचा आधार आहे. 1940 आणि 1941मध्ये पूर्व पोलंडातली लाखो माणसं सोव्हिएत राजवटीनं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. 1941च्या जुलैत पोलंड आणि सोव्हिएत युनियनमध्ये सिकोर्स्की-माइस्की करार झाला, त्यातून सुटकेची वाट निघाली आणि जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यामागून बायका-मुलं इराणात उतरली. काहींना नवानगरच्या जामसाहेबांनी बालाछडीत थारा दिला. भारतातली सर्वांत मोठी वसाहत मात्र 1943मध्ये करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला उभी राहिली. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुलं. इथे पोलिश शाळा भरल्या, चर्च झालं, दवाखाना झाला, बालवीरांची पथकं झाली, नाटकं बसली. 1948पर्यंत ही वस्ती नांदली. तिकडे त्यांच्या मूळ मुलखात मात्र 1944 ते 1946 या काळात सीमा बदलल्या आणि बहुतेक उरलेसुरले पोलिश लोक पश्चिमेकडे हलवले गेले. म्हणजे आज ल्विव्हच्या परिसरात जाऊन घर सापडेलही, पण शेजार सापडणार नाही. त्या हरवलेल्या मुलखाची बोली, प्रार्थना, सणावाराची लगबग ज्या थोड्या जागी पुन्हा गावासारखी एकत्र नांदली, त्यांतली एक मोठी जागा पंचगंगेच्या खोऱ्यात होती. माझा मुख्य पुरावा हाच.

यावर कोणी म्हणेल की पाच वर्षांच्या छावणीला मूळगाव म्हणणं ही ओढाताण आहे. मूळ म्हणजे पिढ्यानपिढ्यांची जमीन, देवघर, नातीगोती. आक्षेप वजनदार आहे, पण तो वर्षं मोजतो, वय मोजत नाही. सहाव्या वर्षापासून अकराव्यापर्यंतची पाच वर्षं आणि चाळिशीतली पाच वर्षं सारखी कशी धरायची? वाचायला शिकणं, पहिली मैत्री, आई पुन्हा हसू लागलेली पाहणं, हे सगळं त्या मुलांना इथे मिळालं. काहींचे आप्त इथेच गेले आणि कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत इथल्याच मातीत पुरले गेले. ज्या मातीत आपलं माणूस पुरलं, तिला परकी म्हणणं कठीण आहे. दुसरा आक्षेप असा की हे आदरातिथ्य नव्हतंच. खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारनं उचलला होता, मग कोल्हापूरचं त्यात काय? हिशेब खरा आहे आणि तो लपवू नये. पण पैसा कोणाचाही असो, शेजार विकत मिळत नाही. लोकांनी तो दिला नसता तर 1998मध्ये, पन्नास वर्षं उलटल्यावर, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला नसता आणि वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक झालं नसतं.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: तिथे आता पाहायला उरलंय काय? इथे कोल्हापूरकरानं बोलायलाच हवं. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या घेऊन येणाऱ्या किती घराण्यांचं या भागात घर आहे? वाडा नाही, शिवार नाही, सातबाऱ्यावर नाव नाही, तरी लग्नानंतर नवी जोडी अंबाबाईच्या आणि जोतिबाच्या पायावर घातल्याशिवाय घराला चैन पडत नाही. आपण भिंती पाहायला जात नाही. आपलं इथं काही लागतं म्हणून जातो. वळिवड्याला येणाऱ्यालाही तेवढंच कारण पुरेसं आहे.

आणि तिथे रिकामं काहीच नाही. पोलिश वस्ती उठली त्या बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक पेठेसाठी ओळखलं जाणारं. त्यांची शिकारपूर, सक्कर, लारकाना ही गावं नकाशावर ल्विव्हपेक्षा कितीतरी जवळ आहेत आणि जायला कितीतरी दूर. मुंबई-कराचीची बोट 1965च्या युद्धात थांबली. कराचीतली भारतीय वकिलात 1994मध्ये बंद झाली. मुनाबाव-खोखरापारची रेल्वे 2006मध्ये पुन्हा सुरू झाली आणि 2019मध्ये थांबली. 2025च्या पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची वाटही मिटली. इथे माझ्या म्हणण्याचा गैरफायदा घेता येईल: आसऱ्याचं गाव हेच मूळगाव, तर सिंध विसरा आणि गांधीनगरातच समाधान माना! असं मला मुळीच म्हणायचं नाही. आसऱ्याचा हक्क जन्मगावाचा हक्क पुसत नाही. वळिवड्याची मुलं परत येऊ शकली, कारण लंडनमधल्या त्यांच्या संघटनेनं आठवणी गोळा करून ग्रंथ केला, नावं राखली, एकमेकांचे पत्ते राखले. वाट कधी मोकळी होईल ते आपल्या हाती नाही. शिकारपुरातल्या गल्लीचं नाव, शाळेचं नाव, घरासमोरच्या विहिरीची खूण आजच्या म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घेणं मात्र हाती आहे, आणि ती माणसं आता फार थोडी उरली आहेत. प्रवास नातवंडांनी करायचा असला तरी त्याचा बेत आजच मांडावा लागेल.

म्हणून बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला मी सांगेन, कोल्हापूरला एक दुपार देऊ नका, निदान तीन दिवस ठेवा. निघण्यापूर्वी आजीच्या कागदांतून वसाहतीतला पत्ता, शाळेचं नाव, शिक्षकांची नावं काढून ठेवा. दफनभूमीत सकाळी जा, ऊन चढण्याआधी. मिरजेकडच्या पॅसेंजरनं वळिवडे स्थानकावर उतरा. निर्वासितांच्या गाड्याही याच मार्गानं आल्या होत्या. आणि कोल्हापूरकरांनी या पाहुण्यांना फक्त तांबडा-पांढरा खाऊ घालून पाठवू नये. संस्थानी दप्तरात, पालिकेत, चर्चच्या वह्यांत या माणसांच्या जन्ममृत्यूच्या ज्या काही नोंदी असतील त्या एका जागी आणून, विचारणाऱ्यासमोर उघडून ठेवायला हव्यात. गांधीनगरच्या सिंधी वृद्धांच्या आठवणीही त्याच कपाटात, पोलिश नोंदींच्या शेजारी असाव्यात.