लहान तोंडी मोठा घास

खांडबाऱ्याच्या बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला गाठले. त्याची भाची नंदुरबारला बारावी झाली आणि विमानात सेविका व्हायचे म्हणते. “भाऊसाहेब, एवढे शिकून लोकांना चहापाणीच द्यायचे ना?” असा त्याचा सवाल. सवाल वावगा नव्हता. विमान आपल्या डोक्यावरून जाते तेवढेच आपल्याला दिसते, आत कोण काय करते हे कोण सांगणार? म्हणून वाचकहो, थोडे त्या कामाविषयी, आणि त्यावरून आपल्या खळ्याविषयी.

चहापाणी हा त्या कामाचा वरचा भाग झाला. खरे काम प्रवासी चढण्याआधीच सुरू होते. आग विझवायची नळकांडी जागेवर आहेत का, प्राणवायूची टाकी भरलेली आहे का, दारातल्या घसरगुंडीच्या हवेचा काटा बरोबर आहे का, हे सारे सेविका पाहतात. ही घसरगुंडी रबरी असते. संकटात दार उघडले की ती आपोआप फुगून बाहेर पडते आणि माणसे तिच्यावरून खाली उतरतात. अर्धीच दारे वापरून सगळी माणसे ९० सेकंदांत बाहेर काढता आली पाहिजेत, अशी कसोटी प्रवासी विमानाला द्यावी लागते. आपली तंबाखू मळून होईस्तोवर तीनशे माणसे बाहेर! तपासणीत काही बिघडलेले आढळले तर ते वहीत लिहायचे आणि यांत्रिकाने त्यावर सही करायची, असा रिवाज आहे.

आता असे लिहिणे नेहमी सोपे असते का? मे २०२४ मध्ये एअर इंडियाचे ड्रीमलायनर विमान मुंबईहून लंडनला गेले. तेथे दार उघडताना घसरगुंडी बाहेर पडली. दार साध्या स्थितीत असेल तर ती पडायला नको. दार साध्याच स्थितीत होते, दोष यंत्रणेचा आहे, असे सांगणाऱ्या दोन जुन्या कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. जबाब बदलण्यासाठी आपल्यावर दबाव आणला, असे त्यांनी जून २०२५ मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून कळवले. कंपनीने हे आरोप फेटाळले. अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या अपघातानंतर हे पत्र गाजले. त्या अपघाताशी या घसरगुंडीचा संबंध नाही. यात कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा करणे आपले काम नव्हे. पण बिघाड सांगणाऱ्याची भाकरी गेली असे नुसते इतरांच्या कानावर आले, तरी उद्या त्यांच्यातला कोण तोंड उघडील?

आणि तोंड उघडले नाही तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. ८ जानेवारी १९८९ रोजी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या विमानाच्या डाव्या इंजिनाचे एक पाते तुटले. विमान थरथरू लागले, आत धूर आला. वैमानिकांची समजूत झाली की उजवे इंजिन बिघडले, आणि त्यांनी ते बंद केले. कप्तानाने उजव्या इंजिनाचे नाव घेऊन प्रवाशांना तसे सांगितलेही. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी आणि तिघा सेवक-सेविकांनी डाव्या बाजूला जाळ पाहिला होता. पण पुढे जाऊन कोणी बोलले नाही. कप्तानाला आपल्यापेक्षा जास्त कळते, असेच सर्वांनी धरले. धावपट्टी जवळ आली असताना ते डावे इंजिन बंद पडले, आणि केगवर्थ गावापाशी विमान कोसळले. १२६ जणांपैकी ४७ जण गेले. पुढे वैमानिक आणि सेविका यांना एकत्र बसवून शिकवण्यावर भर आला. सेविकेने बोलायचे आणि कप्तानाने ऐकायचे, हे दोन्ही शिकवावे लागते.

आता आपल्या खळ्यावर या. आमच्या भागात तूर आणि सोयाबीनची मळणी यंत्रावर होते. यंत्राच्या तोंडाशी पेंढी सरकवायला बहुतेक बाया असतात. ट्रॅक्टरवाला लांब, मालक पोत्यांपाशी, मुकादम सावलीत. यंत्राचा आवाज बदलला, पट्ट्याचा जळका वास आला, तर आधी कळते ते त्या बाईला, आणि हात जायचा तोही तिचाच.

दोन हंगामांपूर्वी एका खळ्यावर मी उभा होतो. पेंढी घालणारी एक मावशी म्हणाली, “आत काहीतरी खडखडतंय, थांबवा.” यंत्र थांबवले. पाहतो तो आतल्या दांडीचा एक बोल्ट निम्मा बाहेर आलेला. तो आवळण्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासावरून मुकादम तिला बोलला, “तू मिस्त्री झालीस का?” दुसऱ्या दिवशी तिला कामाला बोलावले नाही. चार दिवसांनी पट्ट्याचा वास येऊ लागला, तेव्हा तोंडाशी दोघी होत्या. दोघी गप्प राहिल्या. पट्टा तुटला. नशिबाने हात वाचले, पण दोन दिवस मळणी बसली. मालकाने हिशेब केला तो पट्ट्याच्या किमतीचा. मावशीच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोणी केला नाही.

मळणी यंत्रावर हात गमावणाऱ्यांसाठीच सरकारने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पेंढी आत ढकलायची पन्हळ पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असावी, म्हणजे हात दातांपर्यंत पोचत नाही. भाड्याने यंत्र आणताना आधी ती पन्हळ पाहा, पट्ट्यावरची जाळी पाहा. पण कायदा काही खळ्यावर येऊन उभा राहत नाही. तेथे मालक आणि मालकीण उभे असतात.

म्हणून एवढेच करा. यंत्र चालू करण्याआधी तोंडाशी उभ्या राहणाऱ्यांना बोलावून सांगा की, शंका आली तर ‘थांबवा’ म्हणायचे, आणि म्हटले की यंत्र थांबेल. शंका खोटी निघाली तरी रागवायचे नाही. थांबलेल्या वेळेची मजुरी कापायची नाही. आणि जी बोलली तिला दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी निरोप धाडायचा. हे शेवटचे घरधनिणीने अंगावर घ्यावे, कारण बायांना निरोप बहुधा तीच धाडते. लहान तोंडी मोठा घास म्हणून आपण ज्यांना गप्प बसवतो, यंत्राच्या तोंडाशी तेच उभे असतात.